पाचची फेरी

१

लग्न नऊ दिवसांवर आलं होतं आणि श्यामलाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आता लग्न ठरलेल्या मुलीचे पाय कुठल्या गावात जमिनीवर ठरतात म्हणा! पण धारवाडला मालमड्डीतल्या गुरुराज मास्तरांच्या घरी त्या मे महिन्यात जो काय गोंधळ चालला होता, त्याला तोड नव्हती. परसातल्या खोलीत आंबे पिकत घातले होते, गच्चीवर पापड वाळत होते, हुबळीच्या दाजीबानपेठेतून आणलेल्या साड्या रोज उलगडून रोज पुन्हा घड्या घातल्या जात होत्या, आणि जन्मभर गणित शिकवलेले मास्तर पंगतीची पानं दर वेळी वेगळी मोजत होते. नवरा मुलगा श्रीहर्ष, हुबळीच्या कॉलेजात लेक्चरर. दिसायला असा की शेजारच्या सरस्वतीकाकूंनी चष्मा पुसून दुसऱ्यांदा पाहिला.

या सगळ्या घाईत एक काम मात्र श्यामलानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. धाकट्या बहिणीला, दीपश्रीला, केलगेरीहून घरी आणायचं काम.

दीपश्रीच्या हाताबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. धारवाडकडच्या बायका कशिदा काढतात तसा तीही लहानपणापासून काढायची. या कशिद्याला छाप नसतो की पेन्सिलीची रेघ नसते. कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. दोरा एकाआड एक टाका टाकत पुढे जातो, मग त्याच वाटेनं मधल्या मोकळ्या जागा भरत जिथून निघाला तिथं परत येतो. गाठ कुठंही मारायची नाही. काम पुरं झालं की उलट बाजू आणि सुलट बाजू अगदी सारखी, आणि दोरा निघाला कुठून हे काढणारीखेरीज कुणाला सांगता येत नाही. एवढं तर सगळ्याच करतात. दीपश्रीचं वेगळं इतकंच की ती जे काढायची, ते व्हायचं.

नऊ वर्षांची असताना तिनं उशीच्या अभ्र्यावर पोपट काढला. दुसऱ्या दिवशी परसातल्या पेरूवर तसाच पोपट, अभ्र्यावरच्यासारखाच डाव्या पंखानं थोडा अपुरा. लोक हसले. अकराव्या वर्षी तिनं भरलेली विहीर काढली, आणि आजोबांच्या वेळेपासून ठणठणीत कोरडी असलेली मागची विहीर तिसऱ्या पायरीपर्यंत चढली. मग लोक हसायचे थांबले आणि यायला लागले. कुणाला पाळणा हवा, कुणाला कोर्टातला निकाल, कुणाला दुबईची नोकरी. पोरगी शाळा सोडून ओसरीवर बसून राहिली, बोटं सुजून तांबडी झाली. तेव्हा केलगेरीहून अंबूताई आल्या. पांढरं पातळ, मऊ आवाज. ‘‘अशा बारा मुली आहेत आमच्याकडं, मास्तर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हाताला वळण लागलं नाही की हात माणसाला खातो.’’

मास्तरांना ते पटलं. खरं सांगायचं तर घरातल्या सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं. रिक्षात बसताना तेरा वर्षांच्या दीपश्रीनं श्यामलाची ओढणी मुठीत धरून ठेवली होती, आणि ती सोडवताना श्यामला म्हणाली होती, ‘‘माझ्या लग्नाच्या आधी न्यायला येते. शपथ.’’

त्याला दोन वर्षं झाली होती. पत्रं यायची, सगळी आनंदाची. श्यामला ती पुन्हा पुन्हा वाचायची आणि शपथ आठवली की घाईनं घडी घालून ठेवून द्यायची. आज ती शपथ फिटणार होती. पर्समध्ये पहिली लग्नपत्रिका आणि अक्षता घालून, मास्तरांची लूना फटफटवत ती केलगेरीच्या वाटेला लागली तेव्हा तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

तळ्याच्या अलीकडं, आंब्याच्या झाडीत, ते कौलारू घर होतं. दोन वर्षांत तिनं मनात त्याला उंच भिंती बांधल्या होत्या, भिंतींवर काचा लावल्या होत्या, दारात कुत्रा बांधला होता. प्रत्यक्षात फाटक सताड उघडं. कुलूप नाही, कडी नाही, राखणदार नाही. श्यामला स्वतःशीच हसली.

२

‘‘ये गं, ये. लग्नाची मुलगी! बस की,’’ अंबूताई म्हणाल्या. त्या सत्तरीच्या होत्या, पण चालणं तुरुतुरु. ‘‘न्यायला आलीस होय? ने की. कोण अडवतंय?’’

इतकं सोपं असेल असं श्यामलाला वाटलं नव्हतं. तिनं रस्ताभर भांडणाची तयारी केली होती. ती सगळी वाया गेली.

मधल्या मोठ्या खोलीत तेरा मुली चटयांवर बसून कशिदा काढत होत्या. सर्वांत लहान आठेक वर्षांची, मोठी विशीची. कोपऱ्यातून एक उठली आणि धावत येऊन गळ्यातच पडली.

‘‘अक्का! अय्य, किती बारीक झालीयस गं! श्रीहर्षभावजी घाबरतील की!’’

दीपश्री उंच झाली होती. गाल भरले होते. बोटांची सूज गेली होती. श्यामलानं तिला डोक्यापासून पायापर्यंत दोनदा निरखलं. दीपश्रीच्या चटईवर काळी इरकली चंद्रकळा पसरली होती. ती साडी घरूनच पाठवली होती. धारवाडकडं लग्नाच्या मुलीच्या पेटीत कशिद्याची चंद्रकळा हवीच.

‘‘काय काढतेयस माझ्या पदरावर? दाखव की.’’

‘‘दोरा वाटेत आहे अजून. दोरा वाटेत असताना सांगायचं नसतं.’’

‘‘सांगितलं तर?’’

‘‘हात जातो,’’ दीपश्री म्हणाली. आज गुरुवार आहे, असं सांगावं तसं.

श्यामलाला ते जरा खटकलं. पण प्रत्येक घराचे आपले सोवळ्याओवळ्याचे नियम असतातच. आईनंही कधी लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नव्हता. ‘‘बरं बाई,’’ ती म्हणाली. ‘‘चल, सामान बांध.’’

‘‘फेरी झाली की निघू. पाचला फेरी असते ना!’’ दीपश्रीचे डोळे चमकले. खोलीतल्या सगळ्याच मुली हळूहळू चुळबुळायला लागल्या होत्या. कुणी परकर वर खोचत होती, कुणी वेणी बांधत होती. शाळा सुटायच्या आधीची ती चुळबूळ बघून श्यामलालाही मजा वाटली.

पाचला पाच मिनिटं असताना अंबूताई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. ‘‘सुई कुणाची?’’

‘‘घराची!’’ तेरा गळे एकदम म्हणाले.

‘‘दोरा कुणाचा?’’

‘‘घराचा!’’

‘‘हात कुणाचा?’’

‘‘घराचा!’’

‘‘बाहेर काय आहे?’’

‘‘वाट!’’

‘‘वाट कुठं जाते?’’

‘‘घरी येते!’’ आणि त्या आरोळीबरोबर सगळ्या बाहेर उधळल्या.

तळ्याच्या बांधावर एक पांढरा दगड होता. त्याला हात लावायचा आणि परत यायचं, एवढाच खेळ. उंबऱ्याला पहिली जिचा हात लागेल तिला पेढा. जाताना मुली हसत, एकमेकींना ढकलत गेल्या. श्यामला फाटकात उभी राहून टाळ्या वाजवत होती, ‘‘दीपा, पळ! पळ गं!’’ म्हणून ओरडत होती.

परत येताना मात्र आवाज नव्हता.

तेरा मुली तोंड उघडं टाकून, नजर उंबऱ्यावर लावून धावत होत्या, आणि पावलांखेरीज काहीही ऐकू येत नव्हतं. तळ्यावर पाणकोंबड्या उतरल्या होत्या, पाण्यावर उतरतं ऊन पसरलं होतं. एकीनंही मान वळवली नाही. आठ वर्षांची ती धाकटी पडली. गुडघा चांगला फुटला. ती रडली नाही की थांबली नाही. हातांवर चार पावलं सरपटली, उठली आणि धावत सुटली. उंबऱ्याला हात लागल्यावर मग तिला गुडघा दिसला आणि ती हसायला लागली.

पहिली आली होती मोठी मुलगी. आतल्या दाराला कशिद्याचा पडदा होता. त्याखालून एक पितळी ताटली जमिनीवरून सरकत बाहेर आली. ताटलीत एकच पेढा. अंबूताईंनी तो उचलून त्या मुलीच्या तोंडात घातला. ती चावत होती तेव्हा बाकी बाराजणी टक लावून पाहत होत्या, आणि तिनं गिळलं तसा बाराही गळ्यांतून आवंढा उतरला. दीपश्रीच्याही.

‘‘दुसरी आले मी,’’ दीपश्री म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘‘अगं वेडे, घरी चल. पेढ्यांची परात ठेवते तुझ्यापुढं,’’ श्यामला हसून म्हणाली. धारवाडात पेढ्यासाठी कोण धावत नाही? तिनं बहिणीला लूनावर मागं बसवलं, चंद्रकळा पिशवीत घातली आणि फटफटी हाणली. आरशात तिला दीपश्रीचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती ती तिची वेणी, कारण ती मालमड्डीपर्यंत मागं वळूनच बसली होती.

३

घरी काय दिवाळी झाली म्हणता! आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मास्तरांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. सरस्वतीकाकूंनी लाडू आणले. दीपश्रीपुढं खरोखरच पेढ्यांची परात ठेवली. तिनं एक खाल्ला आणि विनयानं म्हणाली, ‘‘छान आहे.’’ मग बाकीच्यांकडं पाठ करून श्यामलाला हळूच सांगितलं, ‘‘तसा नाही लागत.’’

दुसऱ्या दिवशी ती घरभर नाचत होती. तांदूळ निवडले, मेंदीची पानं वाटली, श्रीहर्षचा फोटो बघून ‘कान मोठे आहेत’ असा निकाल दिला. श्यामलानं तिला उशी फेकून मारली. दोघी पोट धरधरून हसल्या.

बरोबर पाचाला पाच मिनिटं असताना दीपश्री उठली, परकर खोचला आणि दारातून बाहेर पडली.

श्यामलाला वाटलं, सरस्वतीकाकूंकडं गेली असेल. मग ती फाटकापर्यंत आली आणि तिला रस्त्याच्या वळणावर धावणारी वेणी दिसली. लूना सुरू व्हायला वेळ लागला, तिला नेमकं तेव्हाच रुसायचं असतं. अर्ध्या वाटेवर तिनं दीपश्रीला गाठलं, लूना आडवी घातली. ‘‘दीपा! कुठं चाललीस?’’

दीपश्रीनं रस्त्यातल्या खांबाला वळसा घालावा तसा तिला वळसा घातला. तिला राग नव्हता. ती हसत होती. ‘‘नंतर, अक्का, नंतर!’’

मे महिन्याचं डांबर तापून मऊ झालं होतं आणि पोरगी अनवाणी होती. श्यामलानं तिचा दंड धरला, तो सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. शेवटी ती नुसती लूना घेऊन बाजूनं चालवत राहिली, ‘बस गं मागं, सोडते तुला, बस तरी,’ म्हणत, आणि दीपश्री ऐकत नव्हती.

केलगेरीला फेरी जणू तिच्यासाठीच खोळंबली होती; बाकीच्या मुली नुकत्या पांढऱ्या दगडाशी पोचत होत्या. दीपश्रीनं उंबऱ्याला हात लावला आणि वळली. तळपायांची कातडी निघाली होती. पायरीवर दोन तांबडे ठसे उमटले होते. तिचा चेहरा इतका उजळला होता की तसा तो घरी आल्यावर आईला मिठी मारतानाही उजळला नव्हता.

‘‘अक्का!’’ ती ओरडली. ‘‘मी पहिली!’’

४

मुली पाय धुवायला मागं गेल्या तेव्हा श्यामलानं अंबूताईंना गाठलं. ‘‘काय केलंत तुम्ही माझ्या बहिणीला? बांधून ठेवलंत?’’

‘‘होय की,’’ अंबूताई म्हणाल्या. त्यांना लपवायचं असं काही नव्हतंच. उलट कुणीतरी विचारल्याचा आनंद झाल्यासारख्या त्या तिला हाताला धरून बाजूच्या लहान खोलीत घेऊन गेल्या.

खोली स्वच्छ होती. भिंतीत एक लोखंडी कडी, कडीला सुती दोरी, आणि दोरीच्या टोकाला जुन्या मऊ लुगड्याची पट्टी गुंडाळलेली, घोट्याला काचू नये म्हणून. श्यामलानं दोरीला हात लावला आणि तिला त्या मऊपणाचीच भीती वाटली.

‘‘घट्ट बांधलं की पोर दोरीशी भांडते,’’ अंबूताई सांगायला लागल्या. हुरूप आलेल्या मास्तरणीसारखा त्यांचा आवाज चढत होता. ‘‘सैल ठेवायची. पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर एक पाऊल. परत आली की पेढा. मग तुळशीपर्यंत. मग फाटकापर्यंत. तळ्यापर्यंत जायला लागली की दोरी सोडायची, पण सोडली म्हणून सांगायचं नाही. सहा महिन्यांनी सांगितलं तर हसते बघ पोर! दोरी होती हेच पटत नाही तिला.’’

‘‘पण त्यांच्या हातात... त्या काहीही काढू शकतात,’’ श्यामला म्हणाली. ‘‘मनात आणलं तर हे घर पाडतील.’’

‘‘पाडतील की. एका दुपारचं काम. एकीनंसुद्धा कधी काढलं नाही.’’ अंबूताईंनी पातळ जरा वर उचललं. उजव्या घोट्याभोवती फिकट, जुना, बांगडीएवढा वळ होता. ‘‘मी दहाव्या वर्षी आले. ओळीनं चाळीस दिवस पहिली आले होते. अजून कुणी मोडलेलं नाही ते.’’ त्यांचे डोळे लहान मुलीसारखे लकाकत होते. ‘‘आता गुडघे ऐकत नाहीत. माझ्यामागं हे घर बघायला कुणीतरी पाहिजे. देईल घरच. घराला सगळं कळतंय.’’

‘‘आत कोण आहे? पडद्याआड? पेढा कोण देतं?’’

‘‘आत?’’ अंबूताईंना प्रश्नच समजला नव्हता. ‘‘आत कुणी नाही. ताटली येते.’’

‘‘तुम्ही बघितलं नाही कधी?’’

‘‘बघायचं कशाला?’’

श्यामला तडक मधल्या खोलीत गेली. रिकामी पितळी ताटली पडद्याशी पडली होती. ती बघत असतानाच ताटली हळूच, जमिनीला घासत, आत गेली. श्यामलानं पडदा ओढला.

पडद्यामागं खोली नव्हती. कोनाडा होता, वीतभर खोल. त्यामागं भिंत, शेणानं सारवलेली, सपाट. ताटली भिंतीला टेकून उभी होती, अजून थोडी थरथरत.

बाजूनं फट असेल, श्यामलानं स्वतःला सांगितलं. घासलेली फरशी, उतार, उंदीर. गुरुराज मास्तरांची मुलगी ती. उत्तर सापडलं नाही तर गणित चुकीचं मांडलंय एवढंच. तिनं फट शोधायला भिंतीवरून हात मात्र फिरवला नाही. लूना तिथंच टाकून दीपश्रीला उचलूनच तिनं रिक्षात घातलं. फाटकात उभ्या राहून अंबूताई हात हलवत होत्या. ‘‘ने की. कितीदाही ने.’’

५

पुढच्या दिवशी साडेचारला मास्तरांनी पुढचं-मागचं दार लावून घेतलं आणि किल्ली जानव्याला बांधली. पाचला दीपश्री उठली. दारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत. आधी हसत, मग न हसता, मग दाराच्या कडीला हात लावून लावून. बँडेजमधून रक्त फुटलं. आई देवघरात तोंडात पदर कोंबून रडत होती. साडेपाचला दीपश्री मटकन खाली बसली आणि म्हणाली, ‘‘आज मी शेवटची.’’

मग तिनं चंद्रकळा मांडीवर ओढली. सुई हातात आली तसा तिचा श्वास शांत झाला.

‘‘अक्का,’’ ती बऱ्याच वेळानं म्हणाली. ‘‘साडी तेवढी पुरी होऊ दे. मग मी कुठं जायची नाही.’’

‘‘म्हणजे?’’

दीपश्रीचे ओठ हलले. तिनं एकदा आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं. दोन वर्षांत शिकवलेलं होतं ते. श्यामलाला वाटलं, पोरगी उगाच मन रमवतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपश्री जेवून झोपली असताना श्यामलानं साडी उलगडली आणि पाहतच राहिली. पदराच्या एका टोकाला मालमड्डीचं घर होतं: पेरू, त्यावर पोपट, भरलेली विहीर. दुसऱ्या टोकाला कौलारू घर, सताड उघडं फाटक. दोहोंच्या मध्ये टाक्यांची वाट. वाटेवरचे भरलेले आणि मोकळे टाके असे मिसळलेले की जाण्याचा कुठला, येण्याचा कुठला कळू नये, आणि सुई लोंबत होती केलगेरीच्या फाटकापासून सात टाक्यांवर.

हे तर तिच्या बहिणीचंच धावणं होतं! दोरा जातो आणि निघाला तिथं परत येतो. दीपा जाते आणि निघाली तिथं परत जाते. कुठं परत जाते? केलगेरीला. म्हणजे हा दोरा केलगेरीहून निघालेला, आणि आता परत तिथंच घुसायला सातच टाके उरलेले. ‘साडी पुरी झाली की कुठं जायची नाही’ म्हणजे काय, ते आता तिला लख्ख कळलं. कायमचं तिथं. अंबूताईंच्या घरानं पोरीच्याच हातून ते काढून घेतलं होतं.

परतीची वाटच तोडली तर? कशिद्यात गाठ मारत नाहीत ते दोरा परत यावा म्हणून. मग गाठ मारली की येणं संपलं! उत्तर बरोबर आलेल्या मुलासारखा तिला आनंद झाला. साडी तिनं उलटीपालटी करून पाहिली, दोरा कुठून निघालाय याची खात्री करायला. दोन्ही बाजू सारख्याच होत्या.

तिनं फाटकाशी लोंबणाऱ्या दोऱ्याला घट्ट गाठ मारली आणि दातांनी दोरा तोडला. तोंडात गोडसर चव आली. सकाळी लाडू खाल्ला होता, त्याचीच असणार.

त्या दिवशी पाच वाजले. श्यामलानं मुद्दाम दार उघडं ठेवायला लावलं. दीपश्री खिडकीशी बसली होती. सव्वापाच झाले. ती उठली नाही. साडेपाचला तिनं जांभई दिली आणि विचारलं, ‘‘चहा केलाय का कुणी?’’

मास्तर जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं रडले. आईनं देवापुढं साखर ठेवली. श्यामलानं दीपश्रीला मिठी मारली, गरागरा फिरवलं, आणि शपथ खऱ्या अर्थानं आज फिटली असं तिला वाटलं.

‘‘माझी साडी कुठाय?’’ दीपश्रीनं विचारलं.

‘‘कृष्णामामाबरोबर हुबळीला पाठवली. कमरीपेठेत फॉल लावून देतो तो एक जण.’’

दीपश्री ताडकन उठली. ‘‘पण माझा दोरा वाटेत होता.’’

‘‘पुरी झाली की गं साडी. सुंदर झालीय.’’

‘‘कुणी पुरी...’’ ती बोलता बोलता थांबली. डावी मूठ उजव्या हातावर आवळून धरत तिनं पुन्हा तोंड मिटलं. नंतरचे चार दिवस ती रोज एवढंच विचारत राहिली, साडी आली का. लग्नघरात कुणाला वेळ होता?

६

लग्नाच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी फुलून गेलं होतं. दुपारी चारला कृष्णामामा हुबळीहून आला आणि त्याच्या पिशवीतून चंद्रकळा निघाली. ‘‘नेसून दाखव की गं!’’ मावश्या, आत्या, काकू सगळ्या मागं लागल्या. दीपश्री तेव्हा मांडवाच्या फुलांसाठी बाजारात गेली होती. श्यामलानं साडी नेसली, पदर पुढं घेतला, सगळ्यांनी तो हातात धरून पोपट पाहिला, विहीर पाहिली, वाहवा केली. सरस्वतीकाकूंनी काजळाचं बोट लावलं. श्यामलाला वाटलं, एवढा आनंद माणसाला झेपतो तरी कसा!

आणि तो वाढतच होता. पोटातून वर येत होता, पायांत उतरत होता. उद्याच्या लग्नाचाच असणार. तिनं घड्याळाकडं पाहिलं. पाचाला पाच मिनिटं होती.

‘‘आलेच हं,’’ ती म्हणाली आणि निऱ्या वर खोचल्या.

पहिल्या वळणापर्यंत ती नुसती भरभर चालत होती, आणि डोकं अजून बोलत होतं: काय करतेयस श्यामला, घरात पाहुणे आहेत, मेंदी काढायचीय. दुसऱ्या वळणावर ती धावायला लागली. रस्त्यावरून श्रीहर्षच्या घरची माणसं सामान घेऊन येत होती, कुणीतरी ‘वहिनी!’ म्हणून हाक मारली. तिनं वळसा घातला. ‘‘नंतर, नंतर!’’ ती हसत म्हणाली. श्वास फुलला होता, चपला कुठंतरी सुटल्या होत्या, आणि डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती, लाकडी, झिजलेली, हातभर रुंद. मागं बाराजणींची पावलं वाजत होती. त्या तळ्याकडून येत होत्या. तिच्या पुढं कुणीही नव्हतं.

उंबऱ्याला हात लागला.

पडद्याखालून ताटली आली. अंबूताईंनी पेढा तिच्या तोंडात घातला, गालावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, ‘‘घराला सगळं कळतंय.’’ पेढा विरघळला. बाराजणींनी आवंढा गिळला. दीपा म्हणाली होती ते खरंच होतं, कुठलाच दुसरा तसा लागत नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. फाटकाबाहेर रिक्षा थांबली आणि दीपश्री उतरली. हातात अजून शेवंतीची पुडी होती. ती फाटकाच्या आत आली नाही. तिथंच उभी राहिली, गजांना धरून.

‘‘अक्का, चल घरी.’’

‘‘दीपा! मी पहिली आले, बघितलंस?’’

‘‘गाठ तू मारलीस?’’ दीपश्रीचा आवाज फाटला होता. ‘‘अक्का, मी दोरा आपल्या घरातनं काढला होता. आपल्या विहिरीतनं. केलगेरीपर्यंत जाऊन परत आपल्या घरात आणणार होते. परतीचे टाकेच चालू होते. मी सुटले असते, सगळं सुटलं असतं. सांगता येत नव्हतं मला. आता वाट तिथंच गाठली गेली, आणि ती तू अंगावर घेतलीस. ये इकडं, पदर दे, मी गाठ उसवते.’’

श्यामलानं पदर छातीशी घट्ट धरला. ‘‘हात लावू नकोस गं. हात जातो.’’

दीपश्री गजाला डोकं टेकून रडायला लागली. ते बघून श्यामलाला वाईट वाटलं. धाकटी बहीण होती शेवटी. ती पायऱ्या उतरून तुळशीपर्यंत आली, हसली आणि समजुतीनं म्हणाली, ‘‘रडतेस कशाला? येते की मी. फाटक उघडंच आहे.’’

‘‘उद्या तुझं लग्न आहे, अक्का.’’

‘‘हो की!’’ श्यामलाचा चेहरा आनंदानं फुलून आला. ‘‘मुहूर्त सकाळचा आहे ना? मग काय! पाचच्या आत आटपेल सगळं.’’